साचेखात्यातली पंगत

मागच्या महिन्यात लोअर परळच्या एका जुन्या गिरणीच्या आवारात जेवायला गेले होते. भाच्याच्या मुलाला पहिली नोकरी लागली, त्याची मेजवानी. दाराशी उभ्या असलेल्या मुलीने आमचे नाव यादीत पाहिले आणि हसून आत नेले. वर छप्पर जुनेच होते, करवतीच्या दात्यांसारखे उतरत्या-चढत्या रांगांचे आणि एका बाजूने काचा असलेले. त्या काचांतून पूर्वी सुताच्या धाग्यावर उजेड पडायचा. आता त्यांना काळा रंग दिला होता. टेबलांवर बॉबिनचे दिवे टांगलेले. गाण्याचा आवाज इतका की, समोरच्याशी बोलायचे तर खुणा कराव्या लागत होत्या.

पोरगा म्हणाला, "आजी, काय भारी जागा शोधलीय ना यांनी?"

मी हो म्हटले. ते खोटे नव्हते. पदार्थ चांगले होते, मुले आनंदात होती, बाहेर पावसाची भुरभुर होती. पण त्या आवाजाने मला चाळीस-पंचेचाळीस वर्षे मागे नेले. १९८१ साली बँकेत लागले तेव्हा या गिरणीच्या कामगार पतपेढीचे खाते आमच्या शाखेत होते आणि त्या कामासाठी एकदा मला साचेखात्यातून आतल्या कचेरीपर्यंत जावे लागले होते. शेकडो साचे एकदम चालत होते. कामगार एकमेकांशी ओठांच्या हालचालीने आणि बोटांच्या खुणांनी बोलत होते. धागा तुटू नये म्हणून हवेत दमटपणा सोडलेला. पाच मिनिटांत माझे पातळ अंगाला चिकटले. बाहेर आले तेव्हा कानात बराच वेळ सूं-सूं चालू होते. परवाही हॉटेलातून बाहेर आले तेव्हा तसेच झाले.

म्हणून हा लेख. गिरण्या गेल्या आणि मॉल आले, हे रडगाणे आता सगळ्यांचे पाठ झाले आहे, तेवढ्यासाठी मी लिहायला बसलेले नाही. मला हिशेब मांडायचा आहे. सदतीस-अडतीस वर्षे बँकेत काढलेल्या बाईला तेवढेच नीट जमते.

* * *

मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेवला उभी करायला घेतली आणि १८५६ मध्ये ती सुरू झाली. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत भायखळ्यापासून दादरपर्यंत आणि इकडे वरळीपर्यंत सुमारे सहाशे एकर जमिनीवर गिरण्यांचे राज्य पसरले. १९८२ च्या संपाच्या वेळी अडीच लाखांच्या आसपास माणसे त्यांत काम करीत होती. त्यांतली बरीचशी रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे या जिल्ह्यांतली. बायको-मुले गावी आणि माणूस मुंबईत, अशी ती रीत. एका खोलीत पंधरा-वीस जण पाळीपाळीने झोपायचे. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच वळकटीवर अंग टाकायचा.

या माणसांना दोन वेळा जेवू कोण घालणार? त्यातून खाणावळ जन्मली. ही पाटी लावलेली दुकाने नव्हेत. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत एखादी बाई वीस-पंचवीस 'मेंबरां'चा स्वयंपाक करी. कोणी रात्री साडेअकराला पाळी सुटल्यावर येई, कोणी पहाटे जाण्याआधी डबा नेई. कोकणातला असेल तर कुळथाची पिठी आणि सुके बोंबील, घाटावरचा असेल तर भाकरी, झुणका आणि रविवारी मटणाचा तिखट रस्सा. पैसे महिन्याने, पगार झाल्यावर. तोवर बाईने धान्य वाण्याकडून उधार आणायचे, आणि वाणी उधारीवर जो भाव लावील तो मुकाट्याने मानायचा.

करमणूकही तिथेच होती. परळच्या दामोदर नाट्यगृहात कामगारांची नाटके व्हायची. हनुमान थिएटरात तमाशाचे फड उतरायचे. लालबागच्या भारतमाता चित्रपटगृहात मराठी सिनेमा लागायचा. गल्लीत भजनी मंडळे, दशावतार, नमन. अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे यांच्या शाहिरीला जो श्रोता मिळाला तो याच वस्तीतला. म्हणजे आज ज्याला खाण्यापिण्याचा आणि करमणुकीचा भाग म्हणून जाहिरातीत दाखवतात, तो भाग इथे आधीपासूनच होता. फक्त तो इथल्या माणसांनी इथल्याच माणसांसाठी चालवलेला होता आणि त्याचे दर त्यांच्या पगाराच्या मापाचे होते.

* * *

आमच्या शाखेत खाणावळवाल्या बायकांची कर्जे होती. त्यामागचा इतिहास बँकेतल्या नव्या पोरांना माहीत नसतो, म्हणून सांगते. १९६९ मध्ये बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७२ मध्ये सरकारने दुर्बल घटकांसाठी चार टक्के व्याजाची योजना आणली. पण बँकेची पायरी चढायला या बायका धजत नव्हत्या, आणि चढल्या असत्या तरी तारण काय देणार? १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि या बायकांना एकत्र करून बँकांच्या दारात उभे केले. एकीने दुसरीची हमी घ्यायची, हेच तारण. पंधराशे रुपयांचे कर्ज. त्या पंधराशेत वाण्याचे जुने देणे फिटायचे, महिन्याचे धान्य रोखीने घाऊक भावात यायचे, आणि मोडलेले मंगळसूत्र परत गळ्यात पडायचे.

अशीच एक कर्जदार डिलाईल रोडच्या चाळीतली. सगळे तिला मावशी म्हणत, मीही तेच म्हणे. सातारकडची. नवरा गिरणीत होता, तो छातीच्या दुखण्याने गेला. कापसाचे बारीक तंतू वर्षानुवर्षे नाकातोंडात जाऊन जे होते तेच ते. मागे दोन मुलगे. मावशीला लिहिता येत नव्हते. चुलीमागच्या भिंतीवर ती कोळशाने रेघा ओढी. प्रत्येक मेंबराची वेगळी रांग. कोण किती वेळा जेवला याचा तिचा हिशेब आमच्या लेजरपेक्षा कमी चुकायचा.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. तो आठवडाभर चालेल असे आधी वाटले, मग महिनाभर. पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. मार्चपर्यंत मावशीचे निम्मे मेंबर गावी निघून गेले. जे राहिले त्यांच्याकडे द्यायला पैसे नव्हते. मावशीने चूल बंद केली नाही. पातेले लहान झाले, डाळ पातळ झाली, भिंतीवरच्या रेघा वाढत गेल्या आणि बँकेचा हप्ता चुकू लागला.

१९८३ च्या सुरुवातीला थकबाकीची नोटीस घेऊन शाखेतल्या अधिकाऱ्यांबरोबर मी तिच्या खोलीवर गेले. मी तेविशीतली कारकून, कागद वाचून दाखवणे माझे काम. वाचून झाल्यावर अधिकाऱ्यांनी विचारले, "मावशी, पैसे येत नाहीत हे दिसत होतं, तर मग जेवण का चालू ठेवलंत?"

ती म्हणाली, "सायब, संपावर मानूस गेला. प्वाट कुठं गेलंय संपावर?"

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पोरी, तुझं पैसं बुडायचं न्हाईत. टाईम लागंल."

टाईम लागला. मेंबर संपले तशी ती दादरच्या एका पोळीभाजी केंद्रावर चपात्या लाटायला जाऊ लागली. कधी वीस रुपये, कधी दहा, एकदा तर पाच रुपयांची भरणा-पावती मी स्वतः लिहिलेली आठवते. १९८७ च्या गणपतीआधी तिने शेवटचा हप्ता भरला. कर्ज फिटल्याचा दाखला मागून घेतला, तो घडी घालून विठोबाच्या तसबिरीमागे ठेवला. तिच्या मेंबरांकडून तिला येणे असलेल्या रेघा मात्र भिंतीवरच राहिल्या. पुढे रंग काढला तेव्हा त्याखाली गेल्या.

* * *

आता दुसरा हिशेब, जमिनीचा.

गिरण्यांच्या जमिनीचे काय करायचे यासाठी १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. त्याचा साधा अर्थ असा की, गिरणीची जमीन नव्या वापराला काढायची तर तिचे साधारण तीन वाटे करायचे. एक महापालिकेला, बागा-मैदानांसाठी. एक म्हाडाला, परवडणाऱ्या घरांसाठी. एक मालकाला. भावाभावांत शेत वाटावे तशी सरळ वाटणी. पण शेड पाडली नाही, आतला वापर तेवढा बदलला, तर वाटणीचा प्रश्न टाळता येत होता. साचे निघाले, भंगारात गेले, आणि त्याच छपराखाली कचेऱ्या, दुकाने, खेळघरे आली. फिनिक्स मिलच्या आवारात नव्वदीच्या अखेरीस चेंडूने लाकडी बाहुल्या पाडायचा तो बोलिंगचा खेळ आला, तेव्हा आमच्या शाखेतली पोरे मुद्दाम बघायला गेली होती. गिरणीची चिमणी तिथे अजून उभी आहे, मॉलच्या मधोमध.

१९९६ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या समितीने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांसाठी आराखडा दिला. प्रत्येक गिरणीचा तुकडा वेगळा न पाहता सगळ्या जमिनींचा एकत्र विचार करा, म्हणजे स्टेशनांजवळ मोकळ्या जागा मिळतील, लोकांना चालायला वाट मिळेल, असे त्याचे सार होते. तो आराखडा कपाटात गेला. २००१ मध्ये नियमच बदलला. वाटणी करायची ती फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची, बांधकामाखालची जमीन हिशेबातून बाहेर. गिरणी म्हणजे बहुतेक सगळे बांधकामच. त्यामुळे तिसऱ्या वाट्याची आकाराने तिसरी काय, कित्येक ठिकाणी नाव घेण्याजोगीही फोड उरली नाही. प्रकरण न्यायालयात गेले. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूने कौल दिला, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि बदललेला नियम कायम राहिला. दरम्यान २००५ च्या जुलैत महामंडळाची मुंबई टेक्स्टाइल मिल, सुमारे सतरा एकर, ७०२ कोटी रुपयांना विकली गेली होती. ती बातमी वाचताना मला मावशीची पाच रुपयांची पावती आठवली. दोन्ही आकडे एकाच वस्तीतले.

आणि घरे? २८ जून २०१२ ला गिरणी कामगारांच्या ६,९२५ घरांची सोडत निघाली. सव्वादोनशे चौरस फुटांचे घर, साडेसात लाखांना. पुढे २०१६ मध्ये आणि २०२० मध्ये आणखी काही हजार घरांच्या सोडती झाल्या. अर्ज करणारे कामगार आणि वारस दीड लाखांच्या आसपास होते. ज्यांना मिळाले त्यांना मिळाले. उरलेल्यांना शेलू-वांगणीकडची घरे देऊ केली, तेव्हा जुलै २०२५ मध्ये ही म्हातारी माणसे पावसात आझाद मैदानावर येऊन बसली होती. त्यांचे म्हणणे एवढेच की, जमीन मुंबईत होती, तर घर कर्जतच्या गाडीने का?

* * *

इथवर मी सरकार आणि मालक यांचे बोलले. आता माझे स्वतःचे सांगायला हवे. ते सांगायचे म्हणूनच हा लेख इतके दिवस रखडला.

२०१३ मध्ये मी कर्ज-छाननीच्या विभागात अधिकारी होते. एक प्रस्ताव आला. अशाच एका गिरणीच्या आवारात हॉटेल काढायचे, चार कोटींचे कर्ज. दोन भागीदार, दोघेही तिशीच्या आतले, हुशार, बोलायला नम्र. मी जागेची पाहणी करायला गेले. खरे सांगायचे तर मला ती मुले आवडली. त्यांना जुन्या विटा दिसाव्यात म्हणून भिंतीचा गिलावा काढायचा होता. "मॅडम, इथला इतिहास जपायचाय," असे त्यातला एक म्हणाला. मी त्याला साचेखाते म्हणजे काय ते सांगितले, आणि त्याने ते मन लावून ऐकले.

हिशेबात मला एक गोष्ट खटकली होती. भाडे इतके होते की, महिन्याचे निम्मे दिवस सगळी टेबले दोनदा भरली तरच ते निघणार. मी तसे टिपणात लिहिले. दुसरी गोष्ट पाहणीत दिसली. स्वयंपाकघरामागचा जिना अरुंद होता आणि त्याच्या पायऱ्यांवर खोकी रचून ठेवलेली होती. मी विचारले. "सामान आजच आलंय मॅडम, उद्या हलवतो. अग्निशमन दलाचा दाखला आहे." दाखला फाइलीत होता. तपासणीच्या यादीत त्यापुढे मी बरोबरची खूण केली. जिन्याबद्दल काही लिहिले नाही. यादीत जिन्याचा रकानाच नव्हता.

कर्ज मंजूर झाले. हॉटेल दोन-अडीच वर्षे चालले. मग गर्दी शेजारच्या नव्या जागेकडे वळली, तशी ती वळतेच. हप्ते थकले, खाते अनुत्पादित झाले, शेवटी बँकेने बरीचशी रक्कम सोडून तडजोड केली. ती मुले लबाड नव्हती. पण मावशीने पंधराशे रुपये पाचपाच करून फेडले आणि इथे कोटींचे आकडे एका बैठकीत, एका सहीने पुसले गेले, हे मी त्या सहीच्या कागदावर शेरा लिहिताना पाहत होते.

मग २०१७ साल आले. २९ सप्टेंबरला सकाळी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन तेवीस माणसे मेली. गिरण्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले, हजारो माणसे रोज येऊ लागली, पण पूल गिरण्यांच्या काळातलाच राहिला होता. बरोबर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरला मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागली. चौदा जीव गेले. बाहेर पडायची वाट न सापडून कित्येक जण स्वच्छतागृहात कोंडले जाऊन गुदमरले.

ती जागा मी पाहणी केलेली नव्हती. तिच्याशी माझा कागदोपत्री काहीही संबंध नव्हता. माझे हॉटेल तर तोवर बंदही झाले होते. तरीही ती बातमी वाचल्यावर मी कपाटातून जुनी डायरी काढली आणि २०१३ च्या त्या पाहणीचे पान शोधले. "मागे जिना. खोकी." एवढेच दोन शब्दांत लिहिलेले होते. म्हणजे मला दिसले होते, आणि मी ते डायरीत ठेवून फाइलीत खूण केली होती. पुढे २०१९ मध्ये निवृत्त झाले, समारंभात माझ्या चोख कामाबद्दल भाषणे झाली. मला त्या वेळी तो जिनाच दिसत होता.

* * *

माझे म्हणणे असे नाही की, गिरण्या चालूच राहायला हव्या होत्या. मावशीच्या नवऱ्याची छाती मी विसरलेले नाही. बदली कामगार म्हणून रोज फाटकाशी उभे राहायचे आणि काम मिळाले नाही तर परत यायचे, ते आयुष्य कोणाच्या मुलाला मिळावे असे मला वाटत नाही. जुन्या कारखान्याच्या जागी खाण्याची पेठ वसवणे हेही पाप नव्हे. जगभर तसे झाले आहे. न्यूयॉर्कला बिस्किटांच्या जुन्या कारखान्यात १९९७ मध्ये चेल्सी मार्केट उघडले, टोरांटोला दारूच्या जुन्या भट्टीच्या आवारात २००३ मध्ये असेच ठिकाण झाले. आपल्याकडेही मथुरादास मिलच्या आवारात २००७ ते २०१६ या काळात ब्लू फ्रॉग नावाची जागा होती. तिथे देशोदेशीचे गाणारे-वाजवणारे येऊन गेले. रिकाम्या शेडमध्ये घुशी फिरण्यापेक्षा माणसे गाणे ऐकत बसलेली बरी.

प्रश्न वाट्याचा आहे. पंगत बसली, तर वाढपी कोण, जेवणारे कोण आणि चुलीपाशी उपाशी कोण, हे विचारायला नको का?

या हॉटेलांत काम करणारी मुले पाहा. कोणी नेपाळहून आलेला, कोणी ओडिशातून, कोणी ईशान्येकडून. आठ-दहा जण एका खोलीत राहतात, पाळीपाळीने झोपतात. दुपारी चारच्या सुमाराला आवाराच्या मागच्या फाटकाबाहेर जा. गणवेशावर साधा शर्ट चढवून ही मुले टपरीवर उभ्याने वडापाव खात असतात. आत ज्या ताटाची ते तारीफ करतात, ते ताट त्यांच्या दोन दिवसांच्या मजुरीचे. जुन्या कारखाना कायद्यात, १९४८ च्या, अडीचशेहून जास्त कामगार असतील तिथे उपाहारगृहाची सक्ती होती. आता एका आवारात पंचवीस आस्थापना असतात आणि प्रत्येकीत तीस-चाळीस माणसे. सगळी मिळून गिरणीच्या एका खात्याइतकी होतात, पण कायद्याच्या दृष्टीने ती कधी एकत्र येतच नाहीत.

म्हणून मला चार साध्या गोष्टी सुचतात. पहिली, अशा प्रत्येक आवारात एक खोली नाममात्र भाड्याने बायकांच्या बचत गटाला द्यावी आणि तिथे तिथल्याच कामगारांसाठी खाणावळ चालावी. ज्या आवाराला वापर बदलण्याची परवानगी हवी, त्याला ही अट घालणे अवघड नाही. दुसरी, प्रत्येक हॉटेलच्या दारावर आत किती माणसे मावतात आणि बाहेर पडायच्या वाटा कुठे आहेत ते मराठीत आणि ठळक लिहावे, म्हणजे तपासणी अधिकाऱ्यावर विसंबून न राहता जेवायला आलेला माणूसही मागचा जिना पाहून घेईल. तिसरी, काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलमधल्या वस्त्रोद्योग संग्रहालयाची घोषणा ऐकून आमचे केस पिकले. त्या संग्रहालयात यंत्रांबरोबर एका खाणावळीच्या चुलीलाही जागा मिळावी. आणि चौथी, घरांची. त्याबद्दल नवीन सांगण्यासारखे काही नाही. यादी तयार आहे, माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

आणि बँकांसाठी म्हणाल तर एकच. तपासणीच्या यादीत जिन्याचा रकाना घाला. नसेल तर अधिकाऱ्याने तो हाताने आखावा.

* * *

मावशी १९९९ मध्ये गेली. तिची धाकटी सून अजून त्याच भागात आहे. चाळीचा पुनर्विकास निघाला म्हणून सध्या संक्रमण शिबिरात राहते. परवाच्या मेजवानीनंतर मी तिच्याकडे गेले. संध्याकाळचे सहा वाजले होते आणि ती डबे भरत होती. एकवीस डबे. कोणाचे, म्हणून विचारले तर त्या हॉटेलांतल्या पोरांचे. कोणी चपाती खात नाही, त्याला भात जास्त. पैसे महिन्याने, पगार झाल्यावर.

"मग तोवर धान्य?" मी विचारले.

"आणायचं उधारीवर. दुसरं काय, ताई?"

सरकारच्या मुद्रा योजनेत पन्नास हजारांपर्यंतचे लहान कर्ज विनातारण मिळते, हे तिला ठाऊक होते. ती बँकेत जाऊनही आली होती. तिथल्या मुलाने व्यवसायाच्या जागेचा पुरावा मागितला. चाळ पाडलेली, शिबिराची खोली तिच्या नावावर नाही, पुरावा कुठून आणणार? मुलगा वाईट नव्हता, ती म्हणाली. त्याच्या यादीत तसा रकाना होता.

मी तिचा अर्ज नव्याने लिहून दिला आहे. सोबत एकवीस गिऱ्हाइकांची नावे जोडली आणि तीन महिन्यांचा हिशेब. ती वहीत लिहिते, भिंतीवर नाही. त्याच्या मागे मावशीच्या त्या जुन्या दाखल्याची छायांकित प्रत लावली. सुनेने तो जपून ठेवला होता, कागद घडीवर फाटला आहे पण शिक्का वाचता येतो. या सोमवारी आम्ही दोघी बँकेत जाणार आहोत. रांगेत उभे राहायला मला वेळ आहे.